शाळा-दवाखान्यांच्या पलीकडे: आशियातले कॅथलिक धर्मसंघ आणि हक्कांची लढाई

रानवाट

कॅथलिक फादर-सिस्टर म्हटलं की आपल्याला कॉन्व्हेंट शाळा आठवते, फार तर कुष्ठरोग्यांचा दवाखाना नाहीतर अनाथाश्रम. ते काम आहेच आणि मोठं आहे. पण यांच्यातलेच काही जण गेली पन्नासेक वर्षं आशियाभर वेगळं काम करतायत, आदिवासींची जमीन, मच्छीमारांचा समुद्र, घरकामगार बायकांची पगारी सुट्टी, तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचे खटले वगैरे, आणि मराठीत याबद्दल एकत्र असं फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून हा धागा.

सुरुवात कुठून करावी हा प्रश्नच आहे पण मी पेद्रो अरुपेंपासून करते. हे येशूसंघाचे म्हणजे जेझुइटांचे प्रमुख होते, मूळचे स्पेनमधले बास्क, शिक्षण वैद्यकीचं अर्धवट सोडलेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला ते हिरोशिमाच्या कडेला नागात्सुका इथे होते, तिथे संघात येऊ घातलेल्या मुलांना शिकवायचे. बॉम्ब पडल्यावर त्यांनी त्याच इमारतीचा दवाखाना केला आणि सुमारे दीडशे भाजलेल्या माणसांवर उपचार केले, औषध म्हणून हाताशी जवळपास फक्त बोरिक ॲसिड. पुढे याच माणसाच्या काळात, १९७४-७५ च्या महासभेत, येशूसंघाने ठराव केला की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झगडणं त्यातून वगळता येणार नाही. ऐकायला साधं वाटतं, पण या एका ठरावामुळे कितीतरी फादर शाळा-कॉलेजं सोडून वस्त्यांवर राहायला गेले आणि संघातले कितीतरी जण नाराजही झाले. १९८० मध्ये व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळालेल्या लोकांची अवस्था बघून अरुपेंनीच जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस सुरू केली.

आता आपल्याकडे या. फादर स्टॅन स्वामी. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीकडचे, काम केलं झारखंडमध्ये, रांचीजवळ नामकुमला 'बगईचा' नावाचं केंद्र २००६ मध्ये उभं केलं. ते काय करत होते? नक्षलवादी म्हणून आत टाकलेल्या आदिवासी पोरांची यादी करत होते, कुणावर कुठलं कलम, किती वर्षं आत, वकील आहे की नाही. ती माहिती घेऊन हायकोर्टात गेले. ८ ऑक्टोबर २०२० ला एनआयएने म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अटक केली, वय ८३, पार्किन्सन्समुळे हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नव्हता. तळोजा तुरुंगात नळी आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्याच्या उत्तरासाठी एनआयएने वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ते गेले, जामीन मिळालाच नाही.

मला एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. पट्टी बांधणारी सिस्टर सगळ्यांना आवडते. तीच सिस्टर किंवा फादर जेव्हा विचारतो की ही जमीन कुणाच्या नावावर होती आणि आता कुणाच्या नावावर कशी गेली, तेव्हा लगेच तो परका होतो, एजंट होतो. हे सगळीकडेच असं आहे का?

खाडीकाठ

छान विषय. मासेमारांच्या बाजूने लिहितो कारण तो भाग मला जवळचा.

फादर थॉमस कोचेरी, रेडेम्प्टरिस्ट संघाचे, केरळचे. केरळच्या किनाऱ्यावर ट्रॉलर वाढत गेले आणि ऐन पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या हंगामात, समुद्राचा तळ खरवडून न्यायला लागले, छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काही उरेना. ऐंशीच्या दशकात मच्छीमारांच्या संघटनेबरोबर काही फादर आणि सिस्टर उघडपणे उतरले, उपोषणं केली, रेल्वे-रस्ते अडवले. चर्चमधल्याच बऱ्याच लोकांना ते पटत नव्हतं, कारण ट्रॉलरमालकही कॅथलिक आणि होडीवालाही कॅथलिक. शेवटी १९८८ पासून केरळात पावसाळी ट्रॉलबंदी आली. आपल्या कोळीवाड्यांत १ जून ते ३१ जुलै बंदी असते ना, त्यामागचा विचारही हाच, पोटात अंडी असलेला मासा सोडा म्हणजे पुढच्या वर्षी मासा मिळेल.

१९८९ ला नॅशनल फिशवर्कर्स फोरमने दोन्ही किनाऱ्यांवरून कन्याकुमारीपर्यंत मोर्चा काढला होता, 'पाणी वाचवा, जीवन वाचवा' अशी हाक होती, शेवटच्या दिवशी १ मे ला तिथे गोळीबार झाला. पुढे परदेशी जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने द्यायचं धोरण आलं त्याविरुद्धही कोचेरी होते आणि नव्वदच्या दशकात त्या धोरणाचा फेरविचार करायला सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. २०१४ ला गेले ते.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथे आठवणारच सगळ्यांना. ते कुठल्या संघाचे नव्हते, धर्मप्रांताचे म्हणजे थेट बिशपच्या हाताखालचे फादर होते, म्हणून धाग्याच्या विषयात काटेकोर बसत नाहीत, पण हरित वसई संरक्षण समितीचं काम याच जातकुळीतलं. वसईच्या वाड्या, विहिरी, बिल्डर लॉबी हे सगळं ज्या काळात बोलायची कुणाची छाती नव्हती त्या काळात ते बोलले.

संध्याछाया

घरकामगारांबद्दल कुणी लिहिलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं.

सिस्टर जीन देवोस, बेल्जियमच्या, १९६३ ला भारतात आल्या. आयसीएम या मिशनरी सिस्टरांच्या संघाच्या. १९८५ मध्ये त्यांनी नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स मूव्हमेंट उभी केली. त्या काळी घरकाम करणारी बाई ही 'कामगार' आहे हेच कुणाला मान्य नव्हतं, ना मालकिणीला ना सरकारला आणि खरं सांगायचं तर युनियनवाल्यांनाही नाही. कारखान्यात शंभर जण एका गेटमधून आत जातात, तिथे पत्रक वाटता येतं. इथे एक बाई सकाळी सातला एका बिल्डिंगमध्ये भांडी, नऊला दुसरीकडे पोळ्या, अकराला तिसरीकडे केर-लादी, तिला गाठणार कुठे? म्हणून मग बैठका दुपारच्या तासा-दीड तासात, नाहीतर रविवारी. आणि राहून काम करणाऱ्या मुली असतील तर तेही नाही, त्यांना बाहेरच सोडत नाहीत.

यातून काय मिळालं ते सांगते कारण नुसतं 'महान कार्य' म्हणून सोडून देणं मला आवडत नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला कायद्याने बंदी आली. २००८ ला महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आणि १६ जून २०११ ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला, त्यात आठवड्याची सलग चोवीस तास सुट्टी, कामाच्या अटी आधी सांगणं, पासपोर्टसारखे कागद मालकाने काढून न घेणं, हे सगळं आहे. भारताने तिथे बाजूने मत दिलं पण अजूनही करार स्वीकारलेला नाही. फिलिपिन्सने २०१२ मध्येच स्वीकारला.

या सगळ्यात इतर संघटनाही होत्या, एकट्या सिस्टरांनी केलं असं नाही. पण जेव्हा कुणालाच यात रस नव्हता तेव्हा सुरुवात करणाऱ्यांत त्या होत्या.

ठाम_मत

काम चांगलं असेल, नाकारत नाही. पण प्रश्न विचारतो, रागावू नका. परदेशातून पैसा येतो, आदिवासी भागातच का येतो, आणि शेवटी धर्मांतर हाच हेतू नाही कशावरून? गावात राहून लोकांना सरकारविरुद्ध उभं करायचं आणि त्याला सामाजिक न्याय म्हणायचं, हे मला पटत नाही.

रानवाट

@ठाम_मत, रागावण्यासारखं काही नाही, हा प्रश्न येणारच होता आणि तो नीट घ्यायला हवा.

पैशाचं म्हणाल तर परदेशी निधीचा हिशोब एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली द्यावाच लागतो आणि सरकारला परवाना अडवताही येतो. डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं नूतनीकरण नाकारलं होतं, जानेवारीत परत दिलं. म्हणजे हिशोब बघणारं कुणी नाही असं नाही.

हेतूचं म्हणाल तर सिस्टर राणी मारियांची गोष्ट वाचा. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगरला होत्या. केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. करत काय होत्या तर आदिवासी शेतकऱ्यांना बँकेतून कर्ज काढून देणं, बचतीचे गट, सरकारी योजनांचे फॉर्म भरणं. त्यामुळे सावकाराकडे जाणारा माणूस कमी झाला आणि सावकार-जमीनदारांचा राग त्यांच्यावर निघाला. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, बाकीच्या प्रवाशांसमोर, त्यांना भोसकून मारलं. वय ४१. मारणारा समुंदर सिंह. पुढे त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला, २००६ ला तो सुटला आणि केरळात जाऊन त्यांच्या आईला भेटला. हे सगळं त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय.

बँकेचा फॉर्म भरून देण्यात धर्मांतर कुठे आलं? जिथे जबरदस्ती किंवा आमिष झालं असेल तिथे कायदा आहे, कारवाई व्हावी, मी त्याची बाजू घेणार नाही. पण बहुतेक वेळा मार पडतो तो बाप्तिस्मा दिला म्हणून नाही, सावकाराचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून पडतो. हजारीबागला फादर ए. टी. थॉमस १९९७ मध्ये मारले गेले, ते दलितांना त्यांची बळकावलेली जमीन परत मिळवायला मदत करत होते. पाकुडला सिस्टर वल्सा जॉन २०११ मध्ये, तिथे कोळशाच्या खाणीचा प्रश्न होता.

आणि सरकारविरुद्ध म्हणाल तर ग्रामसभेने ठराव करणं, कोर्टात याचिका टाकणं हे सरकारविरुद्ध कसं, ते तर सरकारनेच दिलेले मार्ग आहेत.

मनिलामेल

कामानिमित्त फिलिपिन्सशी बराच संबंध आला म्हणून तिकडचं लिहिते. तिथे उलट चित्र, देशच बहुसंख्य कॅथलिक, तिथे धर्मांतराचा आरोप करायला जागाच नाही. तरी ज्या नन्स असं काम करतात त्यांना तिथेही तेच ऐकावं लागतं, कम्युनिस्ट, अतिरेक्यांच्या साथीदार. तेव्हा @रानवाट तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हो, सगळीकडे असंच आहे, आणि त्याचा धर्माशी संबंध कमी आणि जमीन-मजुरीशी जास्त आहे.

तिथला राष्ट्राध्यक्ष मार्कोसने १९७२ ला मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लावला. १९७४ मध्ये तिथल्या धर्मसंघांच्या प्रमुखांनी मिळून टास्क फोर्स डिटेनीज नावाचं काम सुरू केलं. राजकीय कैदी कुठे ठेवलेत, कुणाचा छळ झाला, कोण गायब आहे, याची नोंद. सिस्टर मारियानी दिमारानान यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं, त्या स्वतः १९७३ ला आत जाऊन आल्या होत्या. छावण्यांच्या दारात नातेवाइकांना हाकलून द्यायचे पण झगा घातलेल्या सिस्टरला हाकलायला सैनिकाला जड जायचं, आणि सिस्टर आत जाऊन नावं घेऊन यायच्या. त्या नोंदी पुढे छळ झालेल्या लोकांना कामी आल्या.

१९७५ ला मनिलात ला तोन्देन्या नावाच्या दारूच्या कारखान्यात संप झाला, मार्शल लॉ लागल्यानंतरचा पहिला मोठा संप. सिस्टर मेरी जॉन मानानसान, बेनेडिक्टाइन, जर्मनीत आणि रोममध्ये शिकून आलेल्या, त्या संपकऱ्यांबरोबर उभं राहायला गेल्या आणि पोलीस कामगारांना मारताना त्यांनी समोर बघितलं. तिथून त्या बदलल्या, पुढे गॅब्रिएला या स्त्री संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि आपल्या कॉलेजात स्त्री-अभ्यास सुरू केला. १९८६ ला मार्कोसला हटवणाऱ्या आंदोलनात मनिलाच्या एड्सा रस्त्यावर रणगाड्यांपुढे जपमाळ घेऊन बसलेल्या नन्सचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, पण त्याआधी बारा-तेरा वर्षांचं हे काम होतं हे कुणी सांगत नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. सिस्टर पॅट्रिशिया फॉक्स, ऑस्ट्रेलियन, २७ वर्षं तिथल्या शेतकऱ्यांमध्ये राहिल्या, २०१८ मध्ये दुतेर्तेंच्या सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं. १९६९ पासून खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या रुरल मिशनरीज या सिस्टर-फादरांच्या संघटनेची बँक खाती दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या आरोपाखाली गोठवली. मिंदानाव बेटावरच्या आदिवासी मुलांच्या शाळांना त्यांची मदत व्हायची.

चाकं_आणि_माणसं

कंबोडियाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. तिथे युद्धानंतर जमिनीत पेरलेल्या सुरुंगांमुळे हजारो लोकांचे पाय गेले, बहुतेक शेतकरी, नांगरताना नाहीतर लाकडं आणायला गेल्यावर. येशूसंघाच्या लोकांनी नॉम पेन्हजवळ 'बांतेय प्रिएब' म्हणजे पारव्याचं घर नावाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथे मेकाँग नावाची व्हीलचेअर बनायची. तिला चार नाही, तीन चाकं, मोठी दोन मागे आणि लहान एक बऱ्याच पुढे, म्हणजे चिखलात आणि खाचखळग्यात पुढे तोंडावर पडत नाही. सांगाडा लाकडी, त्यामुळे गावातला सुतारही दुरुस्त करू शकतो. आणि बनवणारे कामगार स्वतःच पाय गमावलेले. बाहेरून आलेली चकचकीत खुर्ची शेताच्या बांधावर आठवडाभरही टिकत नाही हे ज्याला कळतं त्यानेच असं डिझाइन करावं.

तिथेच मर्सी संघाच्या ऑस्ट्रेलियन सिस्टर डेनिस कॉफलन आणि त्यांच्या सोबतचे तुन चन्नारेथ, ज्यांचे दोन्ही पाय सुरुंगाने गेलेत, यांनी ठरवलं की नुसत्या खुर्च्या देत बसायचं नाही, सुरुंग बनवणंच बंद व्हायला हवं. भूसुरुंगबंदीच्या जागतिक मोहिमेला १९९७ चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा ऑस्लोत मोहिमेच्या वतीने पारितोषिक स्वीकारायला चन्नारेथ होते. भूसुरुंगबंदीचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, तो भारताने आजही केलेला नाही.

पाणलोट

आपल्या नगर जिल्ह्याचं सांगायला पाहिजे. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे जेझुइट, आयुष्यातली साठेक वर्षं आपल्याकडे. दुष्काळात लोकांना धान्य वाटून वाटून कंटाळले आणि म्हणाले पाण्याचंच बघू. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या पुढाकारातून आला, १९९३ ला वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट निघाली. संगमनेरच्या दरेवाडीचं नाव आज सगळे घेतात. पद्धत अशी की आधी गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळायची, मग निधी. माथ्यावर समतल चर, खाली येत येत बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यात बंधारा, उलटं केलं तर बंधारा गाळाने भरतो.

पण न्यायाचा प्रश्न इथेच येतो. विहिरीला पाणी वाढलं की फायदा कुणाला, तर ज्याची विहीर आहे त्याला. चराईबंदीचा भार कुणावर, तर ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत त्याच्यावर. म्हणून भूमिहीन आणि मेंढपाळ समितीत बसवावे लागतात, त्यांचं ऐकून बंदी टप्प्याटप्प्याने करावी लागते, बायकांची वेगळी समिती लागते. जिथे हे झालं तिथे काम टिकलं. जिथे समितीत नुसते बागायतदार बसले तिथलं काय झालं ते आपण बघतोच.

प्राजक्त२२

सगळं वाचतेय, छान चाललंय. पण एक बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून मांडते, मी स्वतः कॅथलिक घरातली आहे.

बाहेर न्याय मागणाऱ्या चर्चने घरात काय केलं? २०१८ च्या सप्टेंबरमध्ये कोचीला हायकोर्टाजवळ पाच सिस्टर भर रस्त्यात धरणं धरून बसल्या होत्या, त्यांच्या सहकारी सिस्टरने एका बिशपवर बलात्काराची तक्रार केली होती आणि चर्चमध्ये कुणी दाद देत नव्हतं. बिशपना अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये खालच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, पुढे अपील झालं. निकाल काहीही असो, पण त्या पाच जणींना त्यांच्याच लोकांनी ज्या तऱ्हेने वागवलं ते मी विसरू शकत नाही. त्यांच्या बाजूने उभे राहणारे जे होते त्यात काही सिस्टर आणि फादर होते, ते तेवढंच समाधान.

दुसरं जातीचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच. त्याविरुद्ध चर्च बोलतं ते बरोबरच आहे. पण तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही भिंत आहे, दलितांची बाजू वेगळी. भारतातल्या बिशपांनी २०१६ मध्ये दलितांसाठी धोरण काढलं तेव्हा त्यात स्वतःच्या घरातली अस्पृश्यता मान्य केली, पण मान्य करणं आणि भिंत पाडणं यात अंतर आहे.

संध्याछाया

@प्राजक्त२२, लिहिलंत ते फार बरं केलंत. सिस्टर लोकांना पूर्ण आयुष्य देऊनही चर्चमध्ये निर्णयाच्या जागी फार क्वचित बसता येतं हेही यातच येतं.

निर्मळ_

छोटीशी भर. पाकिस्तानात कराचीला डॉ. रूथ फाउ होत्या, जर्मन, १९६० मध्ये खरं तर भारतात यायला निघालेल्या पण व्हिसाच्या अडचणीने कराचीत थांबल्या आणि कुष्ठवस्ती बघून तिथेच राहिल्या. १९९६ मध्ये पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. २०१७ ला गेल्या तेव्हा सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्यांचा संघ डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी, आणि हाच संघ आपल्या मुंबईत १९५५ पासून निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय चालवतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात निघालेला संघ, त्यांचा वेगळा झगा नसतो, त्यामुळे तिथे शिकलेल्या कितीतरी जणींना आपल्याला शिकवणारी बाई सिस्टर आहे हे उशिराच कळायचं.

आणि म्यानमारच्या सिस्टर ॲन रोज नू तांग. मार्च २०२१, मित्चिना शहर, लष्कराने सत्ता बळकावली त्याविरुद्ध निदर्शनं चालू, सशस्त्र पोलिसांपुढे गुडघे टेकून, मुलांना मारू नका, मला मारा. समोरचे दोन पोलीसही गुडघ्यावर आले. तरी त्याच दिवशी गोळ्या चालल्या आणि माणसं मेली.

ठाम_मत

@रानवाट, राणी मारियांबद्दल माहीत नव्हतं. वाचलं. परदेशी निधीबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण सावकाराचा मुद्दा पटला. एक विचारतो, असा एखादा फादर किंवा सिस्टर गेल्यावर त्या गावात काय उरतं? एकाच माणसावर सगळं उभं असेल तर ते टिकणार कसं?

रानवाट

फार नेमका प्रश्न आहे आणि सगळीकडे एकच उत्तर नाही.

सिस्टर वल्सांचं घ्या. संथाळ गावांसाठी त्यांनी खाण कंपनीशी भांडून पुनर्वसनाचा करार करून घेतला, पण कंपनीशी बोलणार कोण तर त्याच. त्यामुळे पुढे गावात फूट पडली आणि त्या एकट्या सापडल्या. त्यांच्या खुनात शिक्षा झालेल्यांत बाहेरचे गुंड नव्हते, त्याच भागातले लोक होते. मला हा सगळ्यात कठीण भाग वाटतो.

घरकामगारांच्या चळवळीत उलट दिसतं. जीन देवोसनी सुरुवातीपासून घरकाम करणाऱ्या बायकांनाच बोलायला पुढे केलं, जिनिव्हातही घरकामगार स्वतः गेल्या होत्या. त्यामुळे आज पोलीस स्टेशनला चोरीचा खोटा आळ आला म्हणून जायचं असेल तर सिस्टरची वाट बघत बसावं लागत नाही, वस्तीतली बाई जाते आणि तिला कुठल्या साहेबाला काय विचारायचं ते माहीत असतं. खाडीकाठ यांनी लिहिलेल्या मच्छीमारांचंही तसंच, संघटना मच्छीमारांची राहिली.

स्टॅन स्वामींचं काम दोन्हीच्या मधे आहे. त्यांनी तळोजातून लिहिलेल्या पत्रात आहे की याच प्रकरणातले सहआरोपी अरुण फरेरा त्यांना जेवू घालायचे, व्हर्नन गोन्साल्विस अंघोळ घालायचे, आणि कोठडीतले दोन सोबती कपडे धुऊन द्यायचे, गुडघे चोळून द्यायचे, ते दोघे फार गरीब घरातले आहेत, त्यांची आठवण ठेवा असं त्यांनी बाहेरच्यांना लिहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने त्यांचा कॉम्प्युटर तपासून सांगितलं की त्यातल्या फायली हॅकरने बाहेरून घुसवल्या होत्या. त्यांच्या नावावरचा डाग पुसावा म्हणून येशूसंघातले सहकारी मुंबई हायकोर्टात गेलेत. बगईचा चालू आहे. आता तिथे गावोगावचे आदिवासी तरुण स्वतः कागद वाचायला, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला, ग्रामसभेचा ठराव नीट नोंदवायला शिकतात का आणि कच्च्या कैद्यांच्या याद्या कोण पुढे नेतं, याबद्दल तिकडे काम केलेल्या कुणी इथे असेल तर जरूर लिहा.